हरू शकणारा नायक

मारधाडीच्या चित्रपटातला नायक मार खात नाही, ही तक्रार जुनीच आहे. चाळीस गुंड त्याला घेरून उभे असतात आणि रांगेत नंबर लावल्यासारखे एकेकटे पुढे येतात. हॉलिवूडही वेगळं नाही. ‘फास्ट अँड फ्यूरियस’ मालिकेतले तारे आपण पडद्यावर किती मार खातो यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात, असं 2019 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापलं होतं. हे वाचून हसू येतं, पण माझी खरी चिडचिड निराळी आहे. ज्याला काही होणारच नाही, त्याच्या धाडसाला धाडस का म्हणायचं?

इतिहासपटांत ही खोड जास्त खुपते, कारण तिथे मूळ कागद हाताशी असतात. मी जयपूरच्या झोटवाड्यात राहते. इथून जवळच्या आमेरच्या राजाने, मिर्झाराजे जयसिंगाने, जून 1665 मध्ये शिवाजी महाराजांना पुरंदरच्या तहावर आणलं. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. गेलेल्यांत कोंढाणा होता. म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या शौर्यकथेची सुरुवात एका पराभवात आहे, आणि तो पराभव करणारा माणूस इथला आहे.

पुढच्या वर्षीच्या आग्रा प्रकरणाचा सर्वांत जिवंत वृत्तान्तही इथल्याच लोकांनी लिहिला. जयसिंगाचा मुलगा रामसिंग तेव्हा आग्र्यात होता. त्याच्या पदरचे कारभारी रोजच्या घडामोडी आमेरला कळवत. परकालदासाने कल्याणदासाला लिहिलेली पत्रं त्यातलीच. ती राजस्थानी बोलीत आहेत. जदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी पुढे ती इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. लिहिणारे भक्त नव्हते, शत्रूही नव्हते. ते नोकरी करत होते, आणि पाहिलं-ऐकलं ते लिहीत होते.

12 मे 1666 च्या दरबारात इतरांना खिलत मिळाली, शिवाजीराजांना नाही. ते संतापले, आणि त्यांचे डोळे पाणावले. पत्रात हे साधेपणाने येतं. अनुवाद करणाऱ्याचा हात मात्र इथे अडखळतो. मराठीत ‘डोळ्यांत अंगार फुलला’ असं लिहावंसं वाटतं. चित्रपट तर तेच दाखवील. पण पाणी आलं ते आलं. त्या पाण्यामुळेच पुढची कृती कळते: भर दरबारात तख्ताकडे पाठ फिरवून चालू लागणं, समजवायला आलेल्या रामसिंगाचा हात झिडकारणं. माणूस जिवावर उदार झाला होता, कारण जीव जाऊ शकत होता.

नंतरचे आठवडे आपण फार भरभर ओलांडतो आणि थेट पेटाऱ्यांपाशी येतो. पत्रांत ते दिवस रेंगाळतात. ठार मारण्याची चर्चा चालू आहे, काबूलला धाडण्याचा बेत आहे, फुलादखानाची चौकी बसली आहे. राजे अर्जांवर अर्ज करतात. फकीर होऊन काशीला राहू द्या, अशीही विनंती करतात. माणसं पांगवतात. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की आपल्यासाठी जामीन राहिलेल्या रामसिंगाला ते जामीन मागे घ्यायला सांगतात. सुटकेची किंमत कुणाला पडेल, हे त्यांना कळत होतं.

ती पडलीच. ऑगस्टमध्ये राजे निसटले. रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्रिंबक सोनदेव डबीर पकडले गेले, त्यांचे हाल झाले. रामसिंगाची मनसब गेली आणि दरबारही बंद झाला. अजिंक्य नायकाच्या चित्रपटात मागे राहिलेल्यांना जागा नसते. नायक पुढे गेला की कॅमेराही पुढे जातो.

चार वर्षांनी, फेब्रुवारी 1670 मध्ये, तहात गेलेला कोंढाणा परत घ्यायला तान्हाजी मालुसरे चढले. गडावर उदयभान, म्हणजे पुन्हा रजपूतच. 2020 सालचा ‘तान्हाजी’ मी जयपुरातच पाहिला. माझ्या गल्लीत राठोड आणि शेखावत अशा पाट्या जागोजागी आहेत, त्यामुळे उदयभानाला राक्षस केलेला पाहताना जरा अवघडल्यासारखं झालं. पण ते बाजूला ठेवते. त्या चित्रपटात हात तुटल्यावरही उदयभानचा शेवट तान्हाजीच करतात, आणि मगच मरतात. मरण दाखवलं तरी हार दाखवायची नाही, असा हिशेब.

सभासद बखरीला हा हिशेब माहीत नाही. तिथे तान्हाजींची ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. मग ते डाव्या हाताचीच ढाल करतात. दोघे एकमेकांचे वार झेलत राहतात आणि दोघेही पडतात; विजयी कुणीच नाही. नायक गेला तरी लढाई संपलेली नसते. भाऊ सूर्याजी उरलेल्यांना सावरतो आणि गड घेतो. मग पागेचे खण पेटवून राजगडाला खूण केली जाते. राजे तो उजेड पाहतात आणि गड घेतला म्हणतात. तान्हाजी पडल्याचं वर्तमान घेऊन जासूद दुसऱ्या दिवशी पोचतो.