अदृश्य घावांचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें 2023 सालीं मंजुरी दिली. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें नाहींच असें मानूं नये, ही अशा उद्योगामागील श्रद्धा होय. मेंदूच्या एका व्याधीचा इतिहास हाच धडा अधिक करुण रीतीनें शिकवितो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधींत शरीराची रक्षकशक्तीच मज्जातंतूंवरील मायलिन नांवाच्या स्निग्ध आवरणावर उलटते. 1868 सालीं पॅरिसच्या डॉ. शार्को यांनीं मृतांच्या मेंदूंतील कठीण चट्टे व जिवंतपणींचीं लक्षणें यांची सांगड घातली. मायलिन श्वेत द्रव्यांत विपुल. म्हणून रोगही तेथलाच, असा समज रूढ झाला. परंतु 1962 सालीं ब्राउनेल व ह्यूज यांनीं 22 मेंदूंतील 1594 चट्टे मोजले, तेव्हां सुमारें चतुर्थांश चट्टे करड्या द्रव्यांत किंवा त्याच्या सीमेवर आढळले. स्मरण व विचार ज्याच्या आधारें चालतात, त्यासही घाव होताच.

आपल्याकडे डॉ. सिंघल व डॉ. नोशिर वाडिया यांनीं मुंबई परिसरांतील रुग्णांचा आढावा 1975 सालीं प्रसिद्ध केला. त्या वेळीं चुंबकीय चित्रण नव्हतें. रुग्णाची हकीकत व वैद्याची चिकित्सक नजर यांवरच मुख्य भिस्त होती.

1981 सालीं लंडनमध्यें दहा रुग्णांचे मेंदू नव्या चुंबकीय यंत्रानें पाहिले गेले. क्ष-किरणांच्या संगणकीय चित्रांत 19 चट्टे होते. या यंत्रानें आणखी 112 दाखविले! तरीही करडें द्रव्य निसटलेंच. त्याचा थर पातळ, मायलिन थोडें, सूजही कमी. त्यामुळें तेथील चट्टा भोवतालच्या छटेंत विरून जाई. 2005 सालीं अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं मेंदूभोवतींचें पाणी व श्वेत द्रव्य या दोहोंचे संकेत दाबून चित्रें घेतलीं, तेव्हां हे चट्टे कित्येक पटींनीं अधिक दिसले. 2017 च्या आंतरराष्ट्रीय निदाननियमांत त्यांस स्थान मिळालें. मात्र आजही अनेक चट्टे चित्रास हुलकावणी देतात.

म्हणून घरांतील रुग्ण विसरूं लागला, थोड्या श्रमानें थकूं लागला, आणि चित्रांत नवें कांहीं दिसलें नाहीं, तर त्यास आळशी अथवा ढोंगी ठरविण्याची घाई आम्हीं करूं नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें या व्याधीस मान्यता दिली आहे. घरानें ती त्याहून आधीं द्यावयास हवी. यंत्राची दृष्टि सुधारण्यास दशकें लागलीं. रुग्णाचें म्हणणें ऐकून घेण्यास एक संध्याकाळ पुरते.