कामठी छावणीतील भूभाडे

कन्हान नदीकाठी कामठीची छावणी इ. स. १८२१ मध्ये वसली, तेव्हा नागपूरचे राज्य भोसल्यांचे होते. ते खालसा झाले १८५४ मध्ये. छावणीतील घर विकत घेणारास इमारत मिळते, जमीन मिळतेच असे नाही. बंगाली सैन्याच्या छावण्यांसाठी निघालेल्या १८३६ च्या आदेशान्वये जमीन सरकारचीच राही. महिन्याची सूचना व इमारतीची किंमत देऊन ती परत घेता येई. कामठीत मात्र दीर्घकाळ मद्रासी फौज होती. तेव्हा तोच आदेश येथील प्रत्येक बंगल्याचे मूळ मानणे अभ्यासकास शोभत नाही. पुढे १९३७ च्या छावणी-भूमी नियमांखाली ३० वर्षांचे, नूतनीकरणाने ९० वर्षांपर्यंत चालणारे पट्टे दिले गेले. भूभाडे क्षुल्लक असले, तरी ते भरणारा जमीन दुसऱ्याची असल्याचे मान्य करीत असतो. म्हणून विक्रीखताआधी मूळ पट्टा पाहावा.