येणारे विमान, जाणारे विमान

आपल्या इन्सुलीच्या दक्षिणेला गोव्यातले मोपा आणि वायव्येला चिपी, असे दोन विमानतळ आता झाले आहेत. चिपीचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले; मोपाची वाहतूक ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. अंगणातून विमान पाहणारा सहज विचारतो, आभाळ एवढे मोठे, मग उतरणारे आणि चढणारे विमान एकमेकांवर आदळेल कशाला?

आभाळ मोठे खरे, पण विमानांच्या वाटा ठरलेल्या असतात. ७ एप्रिल १९२२ रोजी लंडनहून पॅरिसला जाणारे आणि पॅरिसहून लंडनला निघालेले विमान फ्रान्समध्ये धुक्यात समोरासमोर धडकले. सात माणसे गेली. पुढे नियम घडत गेले.

रडार नसेल तर नियंत्रकाला आधार वैमानिकाच्या सांगण्याचा. कोठे आहे, किती उंचीवर, किती वाजता, हे ऐकून तो येणाऱ्याला वर थोपवतो, जाणाऱ्याला खाली ठेवतो. मध्ये हजार फूट अंतर. दोघे एकमेकांना ओलांडून गेल्याची खात्री झाली, की मगच एकाला उतरू देतो, दुसऱ्याला चढू देतो. अरुंद साकवावर एकाने थांबायचे, तसेच हे.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांची मर्यादा दिली होती. त्याच वाटेने येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांची. समोरून विमान येत आहे, हेही त्याला कळवले होते. तरी ते खाली आले. हरियाणात चरखी दादरीजवळ टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कोठे आहे ते दिसे. उंची दिसत नसे.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष परवानगीवाचून खाली येण्यावर ठेवला गेला. पुढे येण्याच्या व जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार आले, विमानात टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले.

तरीही आज वैमानिक सांगितलेली उंची उलट म्हणून दाखवतो, आणि पुढची परवानगी मिळेपर्यंत ती सोडत नाही. शिक्षकांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा काढून हे मुलांना जरूर समजावावे. मधले अंतर हजार फुटांचे. ते टिकते दिलेला शब्द पाळण्यावर.