राणीचा हुकूम आणि बिनबोलावे टपाल

इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराच्या निमित्ताने जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली, आतील खतपत्रे व हिशेबाच्या वह्या बाहेर ओढून काढल्या आणि भर रस्त्यात त्यांची होळी केली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडीत होते, आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडत असे. तीन दिवसांनी, शनिवारी, जिल्ह्याचे मॅजिस्ट्रेट तेथे पोहोचले तेव्हा राखेचे ढीग रस्त्यात तसेच पडलेले होते. एक घर जळालेले, डझनभर घरे फोडलेली, पन्नास माणसे धरलेली आणि पंचवीस हजारांवर नुकसान, असा अहवाल त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिला. सावकारांच्या मते नुकसानीचा आकडा लाखाच्या वर होता. पुढे हा वणवा शिरूर, इंदापूर, पुरंदर या भागांत आणि घोडनदीपलीकडे नगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात यास दख्खनचे दंगे असे नाव पडले आहे.

या दंग्यांची कारणे, म्हणजे सारावाढ, कापसाच्या भावाची घसरण, सावकारी व्याज आणि दिवाणी कोर्टांचे हुकूमनामे, शाळकरी मुलांसही ठाऊक असतात. परंतु त्या उन्हाळ्यात गावोगाव फिरलेल्या एका निरोपाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका इंग्रज साहेबाची मालमत्ता मारवाडी सावकाराने जप्तीत विकविली, त्या साहेबाने थेट विलायतेस जाऊन राणीकडे दाद मागितली, आणि सावकारांनी आपली खते परत द्यावीत असा हुकूम राणीने धाडला आहे, अशी ती वार्ता होती. काही ठिकाणी तिचे रूप जरा सौम्य असे: हिंदुस्थानातून गेलेल्या अहवालावरून विलायतेहून तसा हुकूम आला आहे, इतकेच. या निरोपावर कर्त्याचे नाव नव्हते. नाव होते ते व्हिक्टोरिया राणीचे, आणि तिला त्याचा गंधही नव्हता!

पाठवणारा एक आणि नाव भलत्याचेच, हा प्रकार आज प्रत्येक सुशिक्षित घराच्या परिचयाचा झाला आहे. प्राप्तिकराचा परतावा तयार आहे, बँकेचे खाते गोठले आहे, परदेशातील कोणा श्रीमंत विधवेस आपली संपत्ती वाटावयाची आहे, अशा आशयाची पत्रे रोज संगणकावर व फोनवर येऊन पडतात. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या कारकुनास नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावाने बिल येते. फक्त बँकेचा खातेक्रमांक तेवढा बदललेला असतो. ई-मेलच्या जगात बिनबोलाव्या टपालास स्पॅम हे नाव रूढ आहे. त्यातील बरेचसे नुसते उपद्रवी असते, थोडेसे घातकही असते. ते पाठवणारा शोधावा कसा, आणि शोधताना निरपराध्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागू नये यासाठी काय करावे, या प्रश्नास आता पन्नास वर्षांचा इतिहास झाला आहे.

कागदी टपालाच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळसा सोपा होता. १८५४ साली हिंदुस्थानात सर्वत्र एकच टपालदर सुरू झाला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा. तोवर पत्राचा खर्च पुष्कळदा घेणाऱ्याच्या माथी पडे. नव्या व्यवस्थेत तिकीट लावणे हे पाठवणाऱ्याचे काम झाले, आणि नॉटपेड पत्रास दुप्पट आकार पडू लागला. शंभर माणसांस निरर्थक पत्रे धाडावयाची तर शंभर तिकिटे विकत घ्यावी लागत, त्यामुळे उपद्रवास आपोआपच आळा बसे. दुसरी सोय शिक्क्याची. पत्राच्या आत कोणी 'मुक्काम काशी' असे लिहिले तरी पत्र ज्या कचेरीत पडले तिचा ठसा तिकिटावर उमटे, आणि ज्या कचेरीत ते उतरले तिचाही ठसा पाठीवर पडे. दौंडला रेल्वे १८५८ सालीच आली आणि १८७८ साली मनमाडचा फाटा निघून ते जंक्शन झाले. शिरूरला मात्र रेल्वे नाही, तेथील टपाल नगर रस्त्याने येणार. पाकिटाची पाठ वाचता येणाऱ्या माणसास पत्राचा प्रवास समजे. आतला मजकूर लिहिणाऱ्याच्या हातचा असे, पण शिक्का त्याच्या हातचा नसे. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

सुप्याच्या दंग्यास बरोबर शंभर वर्षे झाली त्या साली, म्हणजे १९७५ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने एक लहानसे टिपण लिहिले. त्याचा क्रमांक ७०६, आणि विषय निरुपयोगी टपालाचा. कोणी संगणक बिघडला किंवा त्याचा मालक बिथरला आणि त्याने नको असलेल्या संदेशांचा मारा चालविला, तर घेणाऱ्या यंत्रास तो नाकारण्याची सोय नाही, हे त्यात त्यांनी दाखवून दिले. त्या वेळी सारे जाळे थोड्या विद्यापीठांचे आणि सरकारी संस्थांचे होते, सारे एकमेकांस ओळखत. ती सोय तेव्हा झाली नाही. तीन वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकाच्या जाहिरातीचे पत्र सुमारे चारशे लोकांस एकदम धाडले. त्यास शोधण्यास काहीच प्रयास पडले नाहीत. नाव खरे होते, पत्ता खरा होता. जाळ्याची देखरेख करणाऱ्या लष्करी खात्यातील अधिकाऱ्याने त्याच्या वरिष्ठास फोन करून खरडपट्टी काढली. इतका सरळ माग पुढे क्वचितच लागला असेल.

कारण पोस्टेल यांनीच १९८२ साली ई-मेल वाहून नेण्याचे जे नियम घालून दिले, त्यांत पाठवणारा आपले नाव सांगेल ते खरे मानावयाचे, असा भाबडा विश्वास होता. हे नियम आजही मूलतः चालू आहेत. कोणीही यंत्रास आपण राणी आहो असे सांगावे आणि यंत्राने मान डोलवावी! शिवाय तिकिटाचा खर्च नाही. शंभर पत्रांस जेवढा खर्च तेवढाच जवळजवळ लाखास. घेणाऱ्यास मात्र वेळ, जागा आणि मनस्ताप यांचा भुर्दंड. अर्ध्या आण्याच्या तिकिटाने बांधलेला बांध येथे नव्हताच.

तरीही शिक्के होते. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा घेणारा प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर एक ओळ लिहितो: अमुक क्रमांकाच्या यंत्राकडून अमुक वेळी मिळाले. या ओळी एकावर एक चढत जातात, म्हणून सर्वांत जुनी ओळ तळाशी असते. सामान्यतः त्या वाचणाऱ्यापासून लपविलेल्या असतात, पण मागितल्यास दिसतात. नवशिक्या मनुष्य साहजिकच तळाची ओळ पाहतो आणि चोर सापडला म्हणून आनंदतो. नेमका तेथेच घात असतो, कारण लबाड पाठवणारा दोन-चार खोटे शिक्के स्वतःच आधी मारून ठेवतो. म्हणून वाचावयाचे ते वरून खाली. सर्वांत वरची ओळ आपल्या स्वतःच्या टपालव्यवस्थेने लिहिलेली, ती निश्चित खरी. तिने ज्या यंत्राचे नाव घेतले त्याची ओळ तिच्याशी जुळते का, वेळा क्रमाने येतात का, हे पाहत उतरावयाचे, आणि साखळी तुटली की थांबावयाचे. शेवटच्या विश्वसनीय ओळीतील क्रमांक कोणत्या जाळ्याचा आहे हे आशियापुरते एपनिक या नोंदणीसंस्थेच्या दप्तरात सापडते, आणि त्या जाळ्याच्या तक्रारखात्यास संपूर्ण शिक्क्यांसह पत्र पुढे धाडावयाचे. प्रत्येक जाळ्याने असे खाते ठराविक नावाने उघडावे, असा संकेत १९९७ साली ठरला.

हे वाचून सोपे वाटते. परंतु त्याच साली जो डॉल नावाच्या एका अमेरिकन गृहस्थावर जो प्रसंग आला, तो पाहिला म्हणजे या सोपेपणाची धास्ती वाटू लागते. ते इंटरनेटवर लोकांस फुकट जागा देत. एका गिऱ्हाइकाने बिनबोलावे टपाल धाडले म्हणून त्यांनी त्याची जागा काढून घेतली. त्याने सूड म्हणून हजारो पत्रे डॉल यांच्या नावाने सोडली. संतापलेल्या लोकांनी पाठवणाऱ्याचे नाव वाचले, शिक्के वाचले नाहीत, आणि तक्रारींच्या व शिव्याशापांच्या लोंढ्याखाली डॉल यांचा सर्व्हर बसला. इंग्रजीत अशा कृत्यास त्यांच्याच नावावरून संज्ञा पडली आहे. बिचाऱ्याची कीर्ती झाली ती अशी.

येथे पुन्हा १८७५ कडे वळावेसे वाटते. दंग्यांनंतर पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२ मिळून ९५१ लोक पकडले गेले. त्यांपैकी गुन्हा शाबीत झाला तो ५०१ जणांवर, पुण्याचे ३०१ आणि नगरचे २००. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांवर, पकडले खरे, पण गुन्हा शाबीत झाला नाही. पेरणीच्या तोंडावर कच्च्या कैदेत पडलेल्या शेतकऱ्यास मागाहून मिळालेल्या सुटकेचे मोल किती, याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडता येत नाही.

दंगे होण्यापूर्वी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील कर्डे गावी निराळाच उपाय योजण्यात आला होता. तेथील एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखाचे घर विकत घेतले व सामानासाठी ते पाडले. गावाने त्यास हात लावला नाही. त्याच्याशी व्यवहार तेवढा बंद केला. त्याच्या शेतात कोणी राबेना, कोणी पाणी भरीना, न्हावी हजामत करीना. शेवटी पोलिसांच्या बंदोबस्तात त्यास आपले बिऱ्हाड शिरूरला हलवावे लागले. इंटरनेटच्या जगात १९९७ साली पॉल व्हिक्सी यांनी नेमका हाच उपाय काढला. उपद्रवास आश्रय देणाऱ्या जाळ्यांची त्यांनी यादी केली, आणि ज्यांस ती यादी पटली त्या सर्व्हरांनी त्या जाळ्यांकडून येणारे सारे टपाल घेणेच बंद केले. पुढच्या वर्षी स्पॅमहाउस आणि स्पॅमकॉप या संस्था निघाल्या. दुसरीने तर सामान्य माणसाच्या वतीने शिक्के वाचून योग्य ठिकाणी तक्रार पोहोचविण्याचे काम यंत्राकडेच सोपविले. बहिष्काराचा दोषही अर्थातच बरोबर आला. एका जाळ्यावर बहिष्कार पडला की त्यावरील सज्जन गिऱ्हाइकांचे टपालही अडते. तथापि त्याचे सामर्थ्य ११ नोव्हेंबर २००८ रोजी दिसून आले. कॅलिफोर्नियातील मॅककोलो या कंपनीविरुद्ध पुरावे गोळा झाल्यावर तिला इंटरनेटशी जोडणाऱ्या कंपन्यांनी तिची जोडणी तोडली, आणि त्या दिवशी जगातील स्पॅम सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. काही महिन्यांत ते पुन्हा वाढले, हेही खरे. मॅककोलोच्या यंत्रांवरून जगभरच्या घरगुती संगणकांस मालकांच्या नकळत पत्रे धाडण्यास लावले जात असे. म्हणजे अचूक माग काढून ज्याच्या दारी पोहोचावे तो मनुष्यही पुष्कळदा स्वतःच फसलेला!

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६ अ हे कलम आले. पाठवणाऱ्याविषयी दिशाभूल करणारे किंवा त्रास देण्यासाठी धाडलेले ई-मेल त्याखाली शिक्षेस पात्र होते. पण कलमाची भाषा इतकी सैल होती की त्यात काहीही बसावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या चार ओळींवरून पालघर येथे दोन तरुणींस अटक झाली; त्यांतील एकीने तर तो मजकूर नुसता पसंत केला होता. जाळे चोरासाठी विणलेले, सापडल्या या दोघी. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द ठरविले. तोतयेगिरी करून फसविण्याविषयीचे ६६ ड कलम शिल्लक राहिले. नको असलेले फोन व एसएमएस यांसाठी ट्रायचे नियम आणि १९०९ हा क्रमांक आहे. ई-मेलला ते लागू नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण बँकेतून पुढे सरकणारी रक्कम अडविण्यास पहिले काही तासच हाती असतात. शिरूर आणि दौंड ही दोन्ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांच्या कक्षेत येतात, आणि या कायद्याखालील तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. तक्रार करणाऱ्याने मूळ ई-मेल पुसून टाकू नये. छायाचित्रात शिक्के उतरत नाहीत, ते मूळ पत्रातच राहतात.

दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात गावोगाव निबंधक नेमण्याची तरतूद होती. निरक्षर कुणब्याच्या अंगठ्याखाली भलताच मजकूर जाऊ नये म्हणून खत या निबंधकासमोरच लिहिले जावे, आणि त्याची नोंद तेथेच व्हावी, असा नियम झाला. ई-मेलला असा निबंधक मिळण्यास बराच काळ लागला. अमुक नावाने टपाल धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस आहे याची जाहीर यादी ठेवण्याची पद्धत २००६ च्या सुमारास आली. पाठवणाऱ्या संस्थेने प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर उठविण्याची पद्धत त्यामागोमाग २००७ साली. आणि दोहोंशी न जुळणाऱ्या पत्राचे काय करावे हे नावाच्या मालकानेच सांगून ठेवण्याची पद्धत २०१२ साली. या साऱ्या गोष्टी बराच काळ ऐच्छिक राहिल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी, दिवसास पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यास त्या सक्तीच्या केल्या.