पन्हाळ्याची गंगा कोठी : भुकेने न पडलेला किल्ला

१/ ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ब्रिम नावाचे एक छोटे गाव आहे. १९३९ साली बांधलेल्या तेथील धान्याच्या उंच सायलोंवर गीडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने २०१६च्या आरंभी चार शेतकऱ्यांची भव्य चित्रे पूर्ण केली. पुढे आसपासच्या गावांतील कोठारेही रंगली. आज ती पाहण्यासाठी लोक सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास गाडीने करतात.

२/ कोल्हापूरकरांना एवढे दूर जाण्याचे कारण नाही. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला, केर्ली मागे टाकली आणि वाघबिळापासून पन्हाळ्याची वाट धरली, की सुमारे २० किलोमीटरच्या प्रवासात महाराष्ट्रातील सर्वांत भव्य धान्यकोठारांपैकी एक समोर येते. हा धागा त्या कोठाराविषयी आणि त्याच्याविषयी वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या एका आकड्याविषयी आहे.

३/ या वास्तुसमूहाचे नाव अंबरखाना. यातील ‘अंबर’ म्हणजे आकाश नव्हे. फारसीत ‘अंबार’ म्हणजे साठा, कोठार. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या येथे आहेत. पन्हाळ्यावरच सज्जा कोठी नावाची दुसरी प्रसिद्ध इमारत आहे. तिचा धान्याशी संबंध नाही, म्हणून दोहोंची गल्लत करू नये.

४/ तिन्हींत गंगा कोठी सर्वांत मोठी. तिने सुमारे ९५० चौरस मीटर जागा व्यापली असून उंची सुमारे १०.७ मीटर आहे. आत सोळा दालने, प्रत्येक दालनावर स्वतंत्र चपटा घुमट आणि त्या घुमटाच्या माथ्याला एक भोक. बाजूंच्या दगडी जिन्यांनी माणसे छतावर चढत आणि त्या भोकांतून धान्य खाली सोडीत.

५/ ही योजना विचारपूर्वक केलेली आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या प्रदेशात पाऊस मुसळधार पडतो आणि साठवलेल्या धान्याचा पहिला शत्रू ओल. जाड दगडी भिंती, जमिनीलगत कमीत कमी उघडी जागा आणि माथ्यावरून भरण, यांमुळे ओल, चोर आणि आग या तिघांनाही वाट अरुंद राहते. सोळा वेगळी दालने असल्याने एकातले धान्य बिघडले तरी उरलेली पंधरा वाचू शकतात.

६/ पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावाशी जोडला जातो. पुढे यादव, बहमनी आणि मग विजापूरचे आदिलशाह असे धनी बदलले. अंबरखान्याची आज दिसणारी बांधणी विजापुरी वळणाची आहे. पूर्वेकडील प्रवेशाशी घुमटाचे दालन, सज्जा आणि चुन्यातील नक्षीकाम आहे. धान्याचे कोठार सजवावे, ही कल्पना ब्रिमच्या कित्येक शतके आधी येथे रुजली होती.

७/ कोठ्या तटापासून दूर, किल्ल्याच्या आतल्या भागात आहेत. तट पडला तरी अन्न लगेच हाती लागू नये आणि बाहेरच्या तोफेचा गोळा सहज तेथवर पोहोचू नये, हा त्यामागचा हिशेब. कोठार कोठे बांधले, यावरून बांधणाऱ्याला कशाची भीती वाटत होती ते कळते.

८/ आता तो आकडा. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे पुस्तकांत, फलकांवर आणि वाटाड्यांच्या तोंडी सर्वत्र आढळते. खंडीचे वजन ६५० पौंड, म्हणजे सुमारे २९५ किलो, असेही त्यासोबत सांगितले जाते. हे दोन्ही आकडे एकत्र मांडले, की सुमारे ७,३७० टन धान्य होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून पाटीपेन्सिल घ्यावी.

९/ क्षेत्रफळ ९५० चौरस मीटर, उंची १०.७ मीटर. गुणाकार सुमारे १०,१६५ घनमीटर. भिंती, खांब आणि घुमट मिळून झालेल्या संपूर्ण दगडी ठोकळ्याचे हे बाहेरून मोजलेले आकारमान. एक घनमीटर भाताचे वजन साधारण ५७० किलो भरते. म्हणजे ७,३७० टन भातासाठी सुमारे १३,००० घनमीटर जागा हवी. भिंतींची जाडी शून्य मानली तरी एवढे भात गंगा कोठीत मावत नाही.

१०/ यावरून परंपरा खोटी, असा घाईचा निष्कर्ष काढू नये. खंडी हे मूळचे मापाचे एकक आहे. शेर, पायली, मण आणि वीस मणांची खंडी, ही चढण सर्वांना ठाऊक होती. परंतु पायली गावोगाव वेगळी आणि मणही प्रांतोप्रांती वेगळा. एका ठिकाणची खंडी दुसऱ्या ठिकाणच्या पौंडांत बसवली, की असे फुगलेले टन निर्माण होतात.

११/ म्हणून २५,००० हा आकडा कोणत्या खंडीचा, हे ठरल्याशिवाय तो टनांत सांगू नये. इमारतीची लांबी, रुंदी आणि उंची मात्र आजही मोजता येते. दगडाची साक्ष घेऊन पाहिले तर काय दिसते?

१२/ भिंती आणि घुमट वजा जाता निम्मी जागा उपयोगाची धरू. सुमारे ५,००० घनमीटर. तेवढ्या जागेत सुमारे २,९०० टन भात राहील. कांडून त्याचा दोन-तृतीयांश तांदूळ मिळाला, तर तो सुमारे १,९०० टन. गडावर १०,००० माणसे आणि प्रत्येकी रोज पाऊण किलो तांदूळ, असा सढळ हिशेब केला तरी रोजचा खर्च साडेसात टन. एकटी गंगा कोठी ही गर्दी सुमारे २५० दिवस पोसू शकते.

१३/ हा हिशेब १६६०च्या वेढ्यावर ठेवून पाहण्यासारखा आहे. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. पुढच्या मार्चच्या आरंभी सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. मधे जेमतेम तीन महिने होते.

१४/ या तीन महिन्यांचे मोल कॅलेंडर पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्तिक-मार्गशीर्ष ही भाताच्या सुगीची वेळ. खळी भरलेली असताना गड ताब्यात आला. शिवाय आदिलशाही किल्लेदाराने आधी जो साठा केला असेल, तोही किल्ल्यासोबतच हाती पडला असणार. विजापूरच्या कोठारात बसून विजापूरच्या फौजेला तोंड देण्याचा हा प्रसंग होता.

१५/ महाराज १२ जुलैच्या रात्री गडाबाहेर पडले, तेव्हा वेढ्याला सुमारे १३० दिवस झाले होते. वरच्या हिशेबाने १०,००० माणसांना या काळात १,००० टनांहून कमी तांदूळ लागतो. कोठी निम्मी-शिम्मी भरली होती असे धरले तरी तेवढा तांदूळ जवळजवळ भागतो, आणि शेजारी यमुना व सरस्वती आहेतच. घोड्यांचा दाणा वेगळा धरला तरी चित्र फारसे पालटत नाही.

१६/ मग गड सोडून का जावे लागले? ‘अन्न संपत आले होते’ हे सोपे उत्तर अंबरखान्याच्या भिंतींशी जुळत नाही. कारणे गडाबाहेर शोधावी लागतात. नेताजी पालकरांचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न फसला होता. मे महिन्यात शायिस्ताखान पुण्यात येऊन ठाण मांडून बसला होता. पाऊस सुरू झाला की वेढा सैल पडेल ही अपेक्षाही सिद्दीने फोल ठरवली.

१७/ त्यातच राजापूरच्या वखारीतील इंग्रज तोफा-दारूगोळ्यासह सिद्दीच्या मदतीला आले. हेन्री रेव्हिंग्टन हा त्यांचा म्होरक्या. या आगळिकीची किंमत त्यांना पुढल्याच वर्षी, १६६१ साली, राजापूरच्या स्वारीत मोजावी लागली.

१८/ राज्याचा धनी एका डोंगरावर अडकलेला आणि राज्य दोन बाजूंनी पेटलेले, ही खरी अडचण होती. कोठार दिवस विकत देते. त्या दिवसांत बाहेर काय बिघडते आहे, यावर त्याचा इलाज नसतो. महाराजांना विशाळगडाकडे जाणे भाग होते. त्या जाण्यासाठी शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राण दिले.

१९/ महाराज गेल्यावरही पन्हाळा लगेच पडला नाही. सप्टेंबरमध्ये तो तहाच्या बोलीने आदिलशाहीकडे देण्यात आला. वेढ्याच्या आरंभापासून मोजले तर सुमारे दोनशे दिवस गड उभा होता. १६६०च्या कथेत अंबरखान्याचा वाटा हा आहे.

२०/ पन्हाळ्याचे पुढचे पराभवही याच क्रमाने तपासावेत. मार्च १६७३मध्ये कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या ६० माणसांनिशी रात्री गड घेतला: धाडस आणि हिकमत. मे १७०१मध्ये औरंगजेबाने तो मिळवला: किल्लेदाराशी वाटाघाट आणि पैसा. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडात, १ डिसेंबर रोजी, इंग्रजांनी तो घेतला: तोफा. १६६० साली तह.

२१/ चार वेळा गड गेला किंवा आला आणि चारही वेळा कारण निराळे. या यादीत उपासमार नाही. कोठार जेव्हा आपले काम चोख करते, तेव्हा इतिहासात त्याच्या नावावर काहीच घडत नाही. म्हणूनच बखरींत तलवारींना जागा मिळते आणि कोठीला आकड्यापुरते स्थान उरते.

२२/ शिवकालीन राज्यव्यवस्थेने मात्र कोठीकडे दुर्लक्ष केले नव्हते. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्याबरोबर कारखानीस असे. धान्य, दाणागोटा आणि इतर साठ्याचा जमाखर्च त्याच्याकडे. किल्ला शूराच्या हाती असला तरी किल्ली आणि लेखणी अशा वेगवेगळ्या हातांत वाटलेली होती.

२३/ राज्याभिषेकापूर्वी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र याच काळजीचे आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात काय कराल, घोडी मरतील, मग तुमची माणसे कुणब्याच्या घरातला दाणा, भाकर, भाजी हिसकावू लागतील, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत ते पत्र बारकाव्यात उतरते.

२४/ या पत्रात कोठाराचे दुसरे टोक दिसते. कोठीत आलेला प्रत्येक दाणा कोणाच्या तरी खळ्यातून आलेला असतो. सभासदाच्या बखरीनुसार पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारात, अशी वाटणी होती. गंगा कोठीतील १०० खंड्यांमागे शेतकऱ्याच्या घरी १५० खंड्या राहिल्या, असा त्याचा अर्थ. लढाईत हे प्रमाण मोडले, की रयत आणि राज्य यांतला करारच मोडतो.

२५/ शेतकऱ्याच्या घरची कोठारे दगडाची नसत. बांबूच्या कामट्यांची विणून शेणामातीने लिंपलेली कणगी, वाड्याच्या भिंतीत दडवलेले बळद आणि जमिनीत खोदलेले पेव, अशी त्यांची नावे. सांगलीजवळच्या हरिपुरात कृष्णेकाठच्या मातीत हळदीची पेवे होती. वर्षानुवर्षे हळद त्यांत टिके. २००५च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी निकामी केली.

२६/ मराठीने ही कोठारे भाषेत जपली आहेत. एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की तिचे ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो. ‘कोठावळे’, ‘कारखानीस’ ही आडनावे आजही हजेरीपटांवर आहेत. शब्द राहिले, पण ज्या हातांनी पेवे भरली त्यांची नावे राहिली नाहीत.

२७/ ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत पन्हाळा आहे. त्या यादीत तामिळनाडूतील जिंजीही आहे, जेथे राजाराम महाराजांच्या काळात मोगलांचा वेढा सुमारे आठ वर्षे चालला. तेथेही घुमटाकार छतांची अवाढव्य कोठारे उभी आहेत. दोन्ही किल्ल्यांची एकत्रित तुलना करताना तटांइतकीच ही कोठारे मोजायला हवीत.

२८/ ब्रिमच्या सायलोवर शेतकऱ्याचा चेहरा आहे, अंबरखान्यावर नाही. तेथे नद्यांची नावे आणि सुलतानी काळातील चुन्याची नक्षी आहे. चित्र रंगवून ही उणीव भरून काढता येणार नाही. संरक्षित वास्तूवर ते करूही नये. मात्र कोठीसमोर उभे राहून ‘येथे २५,००० खंडी धान्य मावत असे’ एवढे सांगून थांबू नये. कोणती खंडी, कोणाच्या खळ्यातली आणि मागे त्याच्या घरी किती उरली, हे तीन प्रश्न त्यासोबत विचारावेत.