स्वतःच स्वतःचा जामीनदार: सिक्युअर्ड क्रेडिट कार्डची गोष्ट

आज इतिहासच आहे, पण किल्ल्याचा नाही, कार्डाचा.

अमेरिकेत एमएसला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना सुरुवातीलाच एक विचित्र सल्ला मिळतो. "आधी बँकेकडे २०० डॉलर ठेव, मग बँक तुला २०० डॉलर लिमिटचं क्रेडिट कार्ड देईल." ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: पैसे माझेच, मग ही उधारी कसली? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड आलं. ते हॉटेलात जेवणाऱ्या व्यावसायिकांसाठी होतं आणि महिनाअखेर सगळं बिल भरावं लागायचं. खरी उडी मारली बँक ऑफ अमेरिकाने. सप्टेंबर १९५८ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात जवळपास ६०,००० कार्डं सरळ पोस्टाने घरोघरी पाठवली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी मागितली नव्हती. बँकेचा अंदाज होता की साधारण ४ टक्के खाती थकतील. प्रत्यक्षात २२ टक्के थकली. कार्डं चोरीला गेली, फसवणूक झाली, लाखो डॉलर बुडाले. तरी बँकेने हा धंदा सोडला नाही. याच कार्डाचं पुढे व्हिसा झालं.

फ्रेस्नोने एक प्रश्न मात्र समोर ठेवला: अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर?

आपल्याकडे याचं जुनं उत्तर आहे. पतसंस्थेत कर्ज मागायला गेलात की विचारतात, "जामीनदार कोण?" म्हणजे तुमची पत दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर उभी असते. अमेरिकेतही बराच काळ ओळखीपाळखीवर आणि बँकवाल्याच्या मर्जीवर चालायचं, आणि त्यात भेदभाव भरपूर होता. स्वतः कमावणाऱ्या बाईलाही नवऱ्याची सही मागितली जायची. १९७० मध्ये न मागता कार्डं पाठवण्यावर बंदी आली. त्याच वर्षी आपल्या नावाने काय नोंदी ठेवल्यात हे बघायचा हक्क लोकांना मिळाला. १९७४ च्या कायद्याने लिंग किंवा वैवाहिक स्थिती बघून कर्ज नाकारणं बेकायदा ठरवलं.

मग १९८९ मध्ये फायको स्कोअर आला. बिल फेअर नावाचा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक नावाचा गणितज्ञ यांनी १९५६ मध्ये काढलेल्या कंपनीचं हे काम. मर्जीच्या जागी आकडा आला. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात, तो प्रॉब्लेम इथेही उभा राहिला: ज्याचा डेटाच नाही, त्याचं काय? स्कोअर नाही म्हणून कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून स्कोअर नाही. गंमत बघा, आपल्या सिबिलची बहुतांश मालकी ट्रान्सयुनियन या अमेरिकन कंपनीकडे आहे. तरीही पुण्यातला ८०० चा सिबिल स्कोअर आपोआप तिथे पोचत नाही. तिथली फाइल कोरीच असते.

सिक्युअर्ड कार्ड ही या चक्रात ठेवलेली पाचर आहे. दुसरा जामीनदार नाही ना? मग तुमची ठेवच जामीनदार. बँक ती बाजूला ठेवते. तुम्ही खर्च करता ते पैसे बँकेचे, दर महिन्याला बिल भरता ते तुमच्या खिशातून, आणि वेळेवर भरल्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते. निदान सहा महिने जुनं खातं असलं की फायको स्कोअर तयार होऊ शकतो. म्हणजे त्या २०० डॉलरमध्ये तुम्ही उधारी विकत घेत नाही, इतिहास लिहायला सुरुवात करता.

आता कॅशबॅक. १९८६ मध्ये सिअर्स या दुकानांच्या साखळीने डिस्कव्हर कार्ड देशभर आणलं. वार्षिक फी नाही आणि खर्चाचा थोडा हिस्सा रोख परत. हे परवडतं कसं? प्रत्येक व्यवहारामागे दुकानदार कार्डवाल्यांना काही टक्के देतो, त्यातलाच तुकडा तुमच्याकडे येतो. ठेवीवरच्या कार्डांवर मात्र बराच काळ फी जास्त आणि बक्षीस नाही, असाच मामला होता. पुढे डिस्कव्हरनेच सिक्युअर्ड कार्डावर कॅशबॅक दिला: पेट्रोल आणि रेस्टॉरंटवर मर्यादेपर्यंत २ टक्के, बाकी खर्चावर १ टक्का.

मग कार्ड निवडायचं कसं? आधी हिशोब करू. २०० डॉलरच्या लिमिटवर महिन्याला ६० डॉलर खर्च केलात, तर १ टक्क्याने वर्षाला ७ डॉलर २० सेंट मिळतात. वार्षिक फी २५ डॉलर असेल तर तुम्ही तोट्यात. आणि २४ टक्के व्याजाने १५० डॉलर थकवलेत तर एका महिन्याचं व्याजच ३ डॉलर. दोन-तीन महिन्यांत वर्षाचा कॅशबॅक गेला!

म्हणून माझा क्रम असा. पहिलं, एक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंकडे नोंद जाते का? प्रीपेड कार्ड दिसायला सारखंच असतं, पण त्याने स्कोअर बनत नाही. दुसरं, वार्षिक फी शून्य आहे का? तिसरं, ठेव परत कधी मिळते आणि त्याच खात्याचं साधं कार्ड होतं का? कॅशबॅकचा टक्का चौथ्या नंबरवर. तो मिळाला तर उत्तम, पण तो बघून कार्ड घेऊ नका. वापरतानाही लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं.

भारतात एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड याच घराण्यातलं. इथे सोय अशी की एफडीवरचं व्याज चालू राहतं. पण बिल थकलं तर बँक एफडी मोडून पैसे वसूल करू शकते, हे सही करण्याआधी वाचा.

फ्रेस्नोतल्या लोकांना पत न मागता मिळाली, नंतरच्या पिढ्यांना ती मागूनही मिळेना. आज ती दर महिन्याच्या एका तारखेला, एक एक बिल भरून, आपली आपणच उभी करता येते. ऑटो-पे लावून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!