चिखलातली तार आणि रक्तातलं लोह

पूर ओसरला की संगम माहुलीला किंवा सांगलीच्या घाटावर गाळ साचतो. वरून तांबूस-करडा दिसतो. काठीने उकरलात तर बऱ्याचदा खाली काळा, कुजकट वासाचा थर लागतो. अशा थरात प्राणवायू जवळजवळ नसतो. तरीही जगभरच्या अशा गाळात जिवाणू सुखाने राहतात. ते श्वास कसा घेतात? या शोधाचा इतिहास आज सांगतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या रक्ताच्या रिपोर्टशी जोडलेलं आहे.

सुरुवात एका साध्या डॉक्टरपासून होते. चार्ल्स मॅकमन इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी प्रॅक्टिस करत आणि उरलेल्या वेळात तबेल्याच्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत रमत. १८८० च्या दशकात त्यांना प्राण्यांच्या स्नायूंत एक रंगद्रव्य दिसलं. ते हिमोग्लोबिनच्या नात्यातलं, पण हिमोग्लोबिन नव्हे. रक्ताच्या रसायनशास्त्रातले तेव्हाचे बडे जर्मन प्राध्यापक होप-झायलर यांनी ते साफ नाकारलं, आणि गावच्या डॉक्टरचं कोण ऐकतो! मॅकमन १९११ साली वारले. १९२५ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड कायलिन यांना तेच द्रव्य कीटकांत आणि यीस्टमध्येही दिसलं. त्यांनी त्याला 'सायटोक्रोम' नाव दिलं आणि मॅकमन यांचं श्रेयही मान्य केलं.

दोन्हींत सारखं काय? 'हीम' नावाचं एक चपटं सेंद्रिय कडं, मधोमध लोहाचा एक अणू. हिमोग्लोबिनमध्ये हे लोह प्राणवायू वाहतं. सायटोक्रोममध्ये ते इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देतं, विहिरीवरून हातोहात बादल्या जाव्यात तसं. तुमच्या प्रत्येक स्नायूपेशीत ही रांग अखंड चालू असते आणि शेवटी इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हाती पडतो. सायनाइड माणूस मारतं ते या रांगेचं शेवटचं टोक अडवून.

आता पुन्हा गाळाकडे. १९८७ मध्ये अमेरिकेत डेरेक लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या गाळात एक जिवाणू सापडला; पुढे त्याच्या कुळाचं नाव जिओबॅक्टर पडलं. तो इलेक्ट्रॉन प्राणवायूऐवजी चक्क गंजाला देतो. पण गंज घन, पेशीच्या बाहेर. तो आत ओढून घेणार कसा? २००५ मध्ये लव्हली आणि जेम्मा रेग्वेरा यांनी दाखवलं की जिओबॅक्टरच्या अंगावरच्या केसासारख्या धाग्यांतून वीज वाहते. ही नॅनोवायर. २०११ मध्ये निखिल मालवणकर (आडनाव ओळखीचं वाटलं ना?) आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की या धाग्यांच्या जाळ्यातून वीज धातूसारखी वाहते. प्रथिन म्हणजे विजेला अडवणारा पदार्थ, असं शिकलेल्यांना हे पचणं अवघड होतं.

खरी गंमत २०१९ ची. तोवर येल विद्यापीठात गेलेल्या मालवणकरांच्या गटाने इतरांसोबत अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याची रचना पाहिली. तो समजला होता तो केस नव्हताच. सायटोक्रोमचे रेणू एकामागे एक जोडून झालेली ती तार होती. प्रत्येक रेणूत सहा हीम, अगदी चिकटून रांगेत. जाडी सुमारे ४ नॅनोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या रुंदीचा साधारण दोन हजारावा भाग. लव्हली मात्र केसांतूनच वीज वाहते या मतावर ठाम राहिले. २०२० मध्ये याच जिवाणूची दुसरी एक हीम-तार पहिलीच्या हजारपट वीजवाहक निघाली. हे सगळं पाण्यात, साध्या तापमानाला, भट्टीशिवाय! यातून अंगावर लावायचे सेन्सर बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आता रिपोर्टचं. लोह कमी पडलं की आपण फक्त हिमोग्लोबिनचा आकडा बघतो. पण सायटोक्रोमलाही तेच लोह लागतं. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, घटलेल्या बाईला जिना चढताना धाप आणि दिवसभर थकवा जाणवू शकतो. 'डॉक्टर, आकडा १२ झाला, गोळ्या बंद केल्या' हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आकडा सुधारल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. आणि लोह का कमी झालं, पाळीत जास्त जातं की मूळव्याध आहे की पोटात कुठे रक्तस्राव, हे तपासून घ्या. गोळी चहासोबत मात्र नको. मध्ये तास-दोन तास जाऊ द्या.